भागाबाईचा बांध

पडदा वर जातो तेव्हा समोर तळं दिसतं. एरंडोलजवळ, नाल्यावर मातीचा बांध घालून अडवलेलं. वरच्या अंगाला कापसाचे व्यापारी रुपचंद शेठ यांचा हवापालटाचा बंगला, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायरीला बांधलेली निळी नाव. आणि समोरच्या बांधावर कुदळ घेऊन उभी भागाबाई. साल एकोणीसशे तेहेतीस, दिवाळी चार दिवसांवर.

हाच बांध घालताना नव्या नवरीच्या अंगाने तिने मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. जागा तिच्या नवऱ्याची, हिलालची. शेताला पाणी देईन, या शेठच्या शब्दावर त्याने ती दिली. कागद झाला नाही. पाणी नावेपुरतंच राहिलं.

तळं जरा उतरलं की पाहुण्यांना चिखल तुडवत नावेत चढावं लागे. म्हणून शेठने सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेत, फळ्या ठोकल्या.

"शेठ, मातीवरथीन पानी गयं का बांध टिकाव नही," हिलाल सांगून थकला.

"तू शेत सांभाळ रे," शेठ हसले.

दोन वर्षांपूर्वीच्या भादव्यात पाणी बांधावरून गेलं आणि बांध फुटला. फळ्या उपसायला धावलेला हिलाल अर्ध्या कोसावर सापडला, बाभळीत अडकलेला.

चौकशीत शेठने मामलेदारांपुढे सही केली: जागा हिलालची, बांध हिलालचा, राखणही त्याचीच. सुटले. मग बांध पुन्हा भरून घेतला आणि फळ्याही पुन्हा ठोकल्या.

भागाबाई चारचौघांत रडली नाही. रोज सकाळी ती निळी नाव बघायची, आणि भाकर थापताना हात असा पडायचा की शेजारीण दचकावी. त्या जबाबाची नक्कल तिने कचेरीतून मिळवली, पोलक्यात ठेवली आणि वाट पाहिली.

दिवाळीला शेठ मामलेदारांना नावेत बसवणार, हे कळलं तेव्हा ती निघाली. आधी फळ्या काढल्या. मग सांडवा रोज वीतभर खोल केला. एकदम फोडला असता तर खालची वस्ती गेली असती, आणि तिचं वैर वस्तीशी नव्हतं. बंगल्याचा राखणदार पितांबर चार दिवस बांधाकडे पाठ करून विड्या ओढत बसला.

मामलेदारांना घेऊन शेठचा टांगा आला तेव्हा नाव चिखलात कलंडली होती.

"अगं ए! माझा बांध फोडतेस?"

"तुमना, भाऊ? परत सांगा. रावसाहेब आयकी ऱ्हायनात."

"माझाच! मजूर माझे, माती माझी..."

तिने पोलक्यातला कागद काढून मामलेदारांच्या हाती दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. "शेठ, बांध तुमचा असेल तर हिलालच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडतो. बोला, कोणाचा?"

"तिचा," शेठ पुटपुटले.

"जोरमा सांगा, भाऊ. मना मालकले आयकू येवाले पाहिजे."

"भागाबाईचा आहे!" शेठचा आवाज फाटला. सांडव्यातलं पाणी खळाळत होतं.

पुढे ती तळ्याच्या गाळात हरभरा पेरू लागली, म्हातारी झाली. शेठशी मात्र त्या दिवसानंतर कधी बोलली नाही. शेवटचं बोलली ते तिथेच, खणता खणता:

"नाव लई जा, भाऊ. ती तुमनीच शे."