खपली

मुलगी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात बायकोने हातावर टॅटू काढून घेतला. अपघाताच्या दिवशी सकाळी मुलीने चिठ्ठीवर लिहून ठेवलेले दोनच शब्द, तिच्याच तिरक्या अक्षरात: ‘आई, येते.’

कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, मलमाचा पातळ थर लावा, असं टॅटूवाल्याने सांगितलं होतं. बायकोला ते एका हाताने जमत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अक्षरांभोवतीची कातडी लाल आणि गरम होती. मग तिथे खपली धरली.

“फार खाजतंय,” ती म्हणायची.

“नखं लावू नकोस. अक्षर बिघडेल.”

मुलगी गेल्यापासून आम्ही एकमेकांशी बोलत होतो ते एवढंच.

काल सकाळी तिने सवयीने हात पुढे केला. खपली कुठेच उरली नव्हती. शरीराला सगळं इतक्या लवकर भरून काढता येतं, याची मला चीड आली.

“बरं झालंय गं,” मी म्हणालो.

ती हाताकडे बघत राहिली. “मग उद्यापासून काय करायचं?”

बऱ्या झालेल्या कातडीवर मी मलम लावत राहिलो.