चंदगडला जाऊन आलो आणि सीट उसवली

कसे आहात सगळे? कोडोलीचे विलासराव, कंबर आता काय म्हणते? साताऱ्याच्या शैलाताई, चष्म्याचा नवा नंबर डोळ्याला बसला का? बेळगावच्या अन्वरभाईंचा खोकला एव्हाना गेला असेल. नसेल तर रात्रीचं ताक बंद करा, माझं ऐका. आणि जे नुसतं वाचून गुपचूप जातात तेही ठणठणीत असोत. मी बरा आहे. घरातलं पुढं सांगतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली. शिवण बघून बघून शिकलो आणि लिहिणं वाचून वाचून. माझी बायको सुमन. तिची धाकटी बहीण शकू चंदगडच्या पुढं एका खेड्यात दिली आहे. इतकी वर्षं आम्ही तिच्याकडं एस्टीनंच जात आलो. सुमनच्या मनात मात्र एक होतं, "एकदा गाडीवरनं जाऊया की. मनाला यील तिथं थांबत."

पाऊस उघडला आणि मी मनावर घेतलं. तिला लांबचं बसणं सोसावं म्हणून सीटच्या मागच्या भागात फोमचे दोन थर जास्त घातले, वर चांगलं रेक्झिन, धरायच्या पट्ट्याला दुहेरी शिलाई. सीटचे फोटो आणि माप मी इथंच टाकलं होतं, आठवत असेल. "मागे बसणारीसाठी राजगादी" असं वर लिहिलं होतं. तुमच्यातल्या चौघा-पाचजणांनी तशीच सीट करून घेतली, विलासरावांनी सगळ्यात आधी.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी दारात डबल स्टँडवर लावून तपासली. चाकांची हवा, चेनचा ताण, ऑईल, दोन्ही ब्रेक, दिवे, हॉर्न. क्लचची एक जादा केबल पिशवीत टाकली. सुमन उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"मी एकदा बसून बघू व्हय?"

"उद्या बसायचंच हाय की. हात काळं हायत माझं, मधी यिऊ नको."

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला निघालो. वाट सांगतो, कुणाला जायचं असेल तर: कागल, निपाणी, संकेश्वर, तिथनं आत वळून गडहिंग्लज, नेसरी, चंदगड. हायवेचं काम चालू आहे, सर्व्हिस रोडला खड्डे आहेत, घाई करू नका. पेट्रोल जाऊन-येऊन पाचशेच्या आसपास धरा. गडहिंग्लजला पोटभर खाऊन घ्या, पुढं हॉटेलं विरळ होत जातात.

कागल आलं आणि मागनं हाक, "अवो, थांबवा की जरा. चा घिऊया."

प्यालो. निपाणीला परत, "थांबवा की." तवंदी घाट उतरल्यावर परत. टपरीवर बाकडं रिकामं असून ती बसायची नाही. हातात कप धरून उभी, मधेच पाय आपटायची. मी टपरीवाल्याला म्हणालो, "आमची मंडळी चंदगडला न्हाई, चाची चव तपासाय निघाल्यात!" तो हसला. तीही हसली थोडी. मला वाटलं, हिच्या मनासारखा प्रवास चाललाय, मनाला येईल तिथं थांबत.

नेसरीच्या पुढं रस्ता असा काही हिरवा होतो की बोलणं सुचत नाही. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, मधे काजूची झाडं, डोंगराच्या खांद्यावर ढग टेकलेले. आणि रस्त्यावर तांबडा चिखल. गाडी हळू चालवा.

शकूच्या घरी दोन रात्री राहिलो. तांदळाची भाकरी, खेकड्याचा झणझणीत रस्सा. शकूचा नवरा मारुतराव सीटवर बसून उड्या मारत म्हणाला, "पावणं, ही सीट न्हवं, गादी हाय गादी!" मी फुगलो. दोघी बहिणी रात्री चुलीपाशी पाय शेकत बसल्या होत्या. मला वाटलं, गप्पा चालल्यात.

निघायच्या सकाळी सुमन पिशवी घेऊन अंगणात आली आणि म्हणाली, "मी एस्टीनं येतो. तुम्ही व्हा पुढं."

मला कसं लागलं ते काय सांगू. सगळ्यांच्या देखत बोललो, "जीव ओतून शिवलीय सीट तुझ्यासाठी! आन् आता एस्टी? पेठंत काय सांगू, बायकू उतरून गेली म्हणून?"

"दाजी, असू दे की," शकू मधे पडली. "आक्काला एस्टीच बरी पडंल."

"मग आलीसच कशाला गाडीवरनं?" हे मी शकूला नाही, सुमनला म्हणालो.

मारुतराव म्हशीकडं बघत राहिला. सुमननं पिशवी खांद्याला लावली, दगडावर चढून सीटवर बसली आणि म्हणाली, "चला."

येताना तिनं एकदाही थांबवा म्हटलं नाही. एकदाही चहा नाही. जेवणाच्या आधीच कोल्हापूर गाठलं, आणि मी मनात म्हणालो, बघा, रुसवा गेला की प्रवास कसा झटक्यात होतो.

प्रवासाहून आल्यावर गाडी लगेच धुवायची नाही, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो. आधी बघायची. चिखल सगळं सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघत बसलो. चेन ढिली पडलेली, मडगार्डचा एक नट गायब. मग डाव्या बाजूला आलो. बायका एका अंगाला बसतात त्यांच्या पायांसाठी तिथं साडीगार्डाला खाली पत्र्याची पट्टी असते. त्या पट्टीवर तांबड्या चिखलाचा थर सारवल्यासारखा एकसारखा वाळला होता. चपलेचा एक ठसा नाही. वर गार्डाच्या नळीवर मात्र एक जागा घासून लख्ख झालेली, पायाचा अंगठा अडकवून धरल्यासारखी. आणि धरायचा पट्टा एका टोकाला उसवलेला. ती दुहेरी शिलाई मी स्वतः ताकद लावून ओढून बघितली होती. माझ्यानं उसवली नव्हती.

मी मागच्या सीटवर एका अंगाला बसून बघितलं. माझे पाय पोचले. सुमन उंचीनं माझ्या खांद्याला लागते.

घरात गेलो. ती मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसली होती. घोटे सुजून गोल झाले होते.

"पाय पोचत न्हवतं व्हय?"

"न्हाई."

"मग सांगायचं न्हाई?"

"थांबवा म्हटलं की. किती येळा म्हटलं." पाण्यात पाय हलवत राहिली. "एस्टीनं जातो म्हटलं. शकूच्या म्हशीची सुदिक तब्येत इचारलासा तुम्ही. कास सुजलीय का म्हणून वाकून बघितलासा."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मी खाली बसून पाय चेपायला हात पुढं केला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, हात काळं हायत तुमचं."

दुपारी ब्लेड घेऊन सीट उसवली. जादा फोम काढला. शिवायला सुई हातात घेतली आणि थांबलो. ती बसून पाय टेकल्याशिवाय टाका घालायचा नाही. तिला विचारलं. म्हणाली, "सूज उतरू दे. मग बघू." बघू म्हणाली, बसतो म्हणाली नाही.

तेव्हापासून गाडी दारात तशीच उभी आहे, सीटचं तोंड उघडं. पेठेतली पोरं-बापे येता-जाता विचारतात, "काय दादा, सीटवाल्याचीच सीट फाटली व्हय?" मी खरं काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा जीभ जड झाली होती. अजूनही होते.

ते माप मी इथनं काढून टाकलं आहे. पण तुम्ही आधीच वापरलंय. म्हणून हात जोडून सांगतो: ज्यांनी तशी सीट केली, त्यांनी आज गाडी डबल स्टँडवर लावा, घरच्या माणसाला मागं बसवा आणि खाली वाकून पाय बघा. विलासराव, तुमच्या कंबरेचं मी वर विचारलं, तुमच्या मालकीणबाईंच्या पायांचं विचारायचं राहिलं. त्यांना विचारा, आणि त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत मला लवकर लिहून कळवा. मी वाट बघतोय.