दुसऱ्या कॉलेजबद्दल आम्ही बोलत नाही

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, नुकतीच दहावी झालेल्या एका मुलीने मला दुसऱ्या कॉलेजबद्दल एक प्रश्न विचारला. मी तेव्हा बेळगावातल्या एका खासगी पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजच्या प्रवेश विभागात काम करत होतो. प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी ते दिलं नाही.

मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका गावची, दहावीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली. सोबत वडील होते. खानापुरात लाकडाच्या वखारीत कामाला आहे, हे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं. मुलीला सायन्स घ्यायचं होतं आणि दोन वर्षांनी फार्मसीला जायचं होतं.

"औषधाचं दुकान टाकणार म्हणती," वडील म्हणाले. "म्हंजे आजारी पडायला आम्ही मोकळं."

"आप्पा, गप बसा की."

"बसतो. इचार तू. बसमधनं घोकतच आलीस न्हवं?"

तिने विचारलं, "सर, खानापूरच्या एका कॉलेजात मराठी मीडियमच्या पोरांना सकाळी येगळा क्लास घेत्यात म्हणं. फिजिक्स, केमिस्ट्री आधी मराठीतनं समजावून सांगत्यात आणि मग इंग्लिशमधनं. खरं हाय काय?"

वडिलांनी पुढचं सांगितलं. बेळगावचं कॉलेज मोठं, लॅब चांगली, नाव चांगलं. पण एकदम सगळं इंग्रजीतून झेपेल का, याची पोरीला भीती होती. "क्लास खरंच असंल तर हिला तिकडंच घालतो. नसंल तर तुमच्याकडं."

क्लास खरंच होता. हे मला ऐकून माहीत नव्हतं, मी तो पाहिला होता. कॉलेजात लागण्यापूर्वी मी एका दैनिकाच्या बेळगाव कार्यालयात बातमीदार होतो. त्या क्लासची बातमी मीच केली होती. सकाळी आठ वाजता शेवटच्या बाकावर बसून मी पूर्ण तास ऐकला होता. फळ्यावर डावीकडे घनता, त्वरण, संयुजा. उजवीकडे त्यांचे इंग्रजी शब्द. शिक्षक आधी गावातल्या बोलीत समजावायचे, मग तेच वाक्य इंग्रजीत तीनदा मुलांकडून म्हणून घ्यायचे. बातमी आतल्या पानावर दोन कॉलम छापून आली. ज्या मे महिन्याबद्दल मी लिहितो आहे, त्याच्या आदल्या आठवड्यात तिथले एक शिक्षक मला बाजारात भेटले होते. क्लास चालू आहे, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं.

मी मुलीला म्हणालो, "दुसऱ्या कॉलेजबद्दल आम्ही बोलत नाही."

यामागे एक नियम होता आणि तो मीच लिहिला होता. आमच्या आधी तिथे बसणारे लोक समोरच्या पालकाला इतर कॉलेजांबद्दल वाटेल ते सांगायचे. तिथे मास्तर टिकत नाहीत, तिथे पोरं बिघडतात. ते बंद व्हावं म्हणून मी एका कागदावर चार ओळी लिहून भिंतीला लावल्या होत्या. दुसऱ्या कॉलेजची निंदा करायची नाही. माहीत नसलेलं सांगायचं नाही. जे नक्की माहीत आहे ते विचारल्यास सांगायचं. बाकीच्यासाठी त्या कॉलेजचा फोन नंबर द्यायचा. त्या सकाळी मी यातली फक्त पहिली ओळ पाळली, तीही ताणून. नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता.

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. वडिलांनी आवाज खाली आणला, पण टेबल लहान होतं.

"कायतरी गडबड असणार तिथं. सर भला माणूस, वंगाळ बोलंना झालेत."

"पर आप्पा, न्हाय असं कुठं म्हटले त्ये?"

"असतं तर व्हय म्हटले असते की गं."

मी बारा वर्षं बातम्या लिहिल्या. 'त्यांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला' हे वाक्य अनेकदा लिहिलं. त्यात खोटं काही नसतं, आणि वाचक ते कबुली म्हणून वाचतो, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून माझं न बोलणं समोरच्यांनी कसं घेतलं ते मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. ती दोघं ते माझ्यासमोरच बोलली होती.

त्या आठवड्यात सायन्सच्या जागा भरत नव्हत्या. रोज संध्याकाळी पाच वाजता प्राचार्यांना आकडा द्यावा लागायचा. पालकांपासून काही लपवा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीने फॉर्म भरायला घेतला. तिचं अक्षर गोल आणि स्वच्छ होतं. ती सावकाश लिहीत होती, दहा मिनिटं तरी गेली असतील. तेवढ्या वेळात मी वडिलांना बसच्या वेळा विचारल्या. गावातून खानापूर, तिथून बेळगाव, जाताना दोन तास धरायचे, असं ते म्हणाले.

ते गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कबाई फॉर्मवर शिक्का मारता मारता म्हणाल्या, "सर, खोटं न्हाय बोललासा तुम्ही."

मी संध्याकाळच्या आकड्यात एक मिळवला.

"खरं बी न्हाय," त्या म्हणाल्या आणि पुढचा फॉर्म ओढला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी माझ्याकडे आली. मधली सुट्टी होती. डबा तिच्या हातातच होता.

"सर, तुमच्यात तसला क्लास न्हाय काय? मराठीतनं सांगायचा?"

"विचारून बघतो," मी म्हणालो.

मी खरोखर विचारलं. फिजिक्सच्या मॅडम म्हणाल्या की त्या कन्नडमधून समजावू शकतात, मराठी त्यांना येत नाही. केमिस्ट्रीच्या सरांकडे मोकळा तास नव्हता. दोन दिवसांनी मी मुलीला तसं सांगितलं. कॉलेज बदलण्याची मुदत तोवर संपली होती, हेही मी पाहून ठेवलं होतं. ते तिला सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती वर्गात मागे बसू लागली, असं मॅडमनी सांगितलं. वार्षिक परीक्षेत फिजिक्स आणि केमिस्ट्री गेले. पुरवणी परीक्षेतही गेले.

जूनमध्ये वडील एकटे टीसी न्यायला आले. नवे प्रवेश चालू होते, रांग होती. मी त्यांना आत बोलावून बसवलं. ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि मला धीर देऊ लागले.

"तुमचा काय दोष न्हाय, सर. पोरीचंच डोकं चाललं न्हाय. दहावीला कसं काय एवढं मार्क पडलं, कुणास ठाऊक." मग थांबून म्हणाले, "त्या खानापूरच्या कॉलेजात बी ह्येच झालं असतं. व्हय का न्हाय?"

त्यांना होकार हवा होता. रांगेतली दोन माणसं ऐकत होती.

मी म्हणालो, "तिथं तो क्लास आहे. मराठी मीडियमच्या मुलांचा. तुम्ही विचारलंत तेव्हाही होता. मला माहीत होतं."

त्यांनी हातातला टीसी टेबलावर ठेवला.

"तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

"मग तवा का न्हाय बोललासा?"

मी सांगितलं की इथे जागा भरायच्या होत्या. याहून वेगळं कारण माझ्याकडे नव्हतं. मग घाईने म्हणालो, अजून वेळ आहे, तिथे सायन्सला पुन्हा पहिल्या वर्षात घाला, मी आत्ता फोन लावून देतो.

"आता कुठलं, सर. सायन्सचं नाव काढलं की पोरगी ताटावरनं उठती." त्यांनी टीसीची घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली. "वर्षभर शिव्या घातल्या मी तिला. अभ्यास करीत न्हाईस म्हणून."

ते उठले. रजिस्टरवर सही राहिली होती, म्हणून क्लार्कबाईंनी त्यांना परत बोलावलं. त्यांनी सही केली आणि गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

जुलै संपताना मी खानापूरच्या त्या कॉलेजला फोन केला. मुलीचं नाव आणि गाव सांगितलं. तिथल्या क्लार्कने पहिल्या वर्षाच्या दोन याद्या पाहिल्या. आर्ट्सच्या यादीत तिचं नाव होतं. सायन्सच्या यादीत नव्हतं.