सरकारचं फीड घरपोच

"रोज सकाळी सरकारचं फीड येतंय तुमच्या घरी, अन् आमाला एक मूठ न्हाई? काहून, भाऊजी? आमच्या कोंबड्या काय परमुलखाच्या हायेत?"

शेजारच्या वहिनी घमेलं घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. आवाज आमच्या कुरुंद्यातून निघून थेट वसमतच्या स्टँडवर उतरत होता. चूक माझीच. आदल्या दिवशी टपरीवर मी छाती फुगवून सांगितलं होतं, की आपल्याला सरकारचं फीड घरपोच येतं, दिवसातून दहादा, तेही फुकट. वहिनींपर्यंत पोचेस्तोवर त्याची पोती झाली.

मी मोबाइल पुढं केला. "हे बघा, आरएसएस फीड. एखाद्या सरकारी ऑफिसनं सूचना टाकली की आपण होऊन इथं येऊन पडते. जायचं न्हाई, शोधायचं न्हाई."

"मंग करायचं काय त्याचं?"

"वाचायचं."

"कोंबड्यांनी?"

मी लाल गाडीवर कंडक्टर होतो. माझ्या एका 'पुढं सरका'वर गाडी डिझेलविना दोन मैल जायची. पण वहिनींपुढं घंटी वाजेना.

खरं तर हे फीड लेकीचं. परीक्षांचा अभ्यास करताना भरतीची जाहिरात चुकू नये म्हणून तिनं सगळ्या सरकारी खात्यांची फीडं या मोबाइलात लावून ठेवली होती. नोकरी लागली, तिनं नवा फोन घेतला, जुना मला दिला. तिची आई त्याआधीच गेलेली. लेक परगावी गेली, घरात मी आणि खाती राहिलो. समुद्र मी पाहिलेला नाही. पण मासेमारी कधीपासून बंद, हे मला कोळ्यांच्या आधी कळतं.

त्यात मी स्वतःची एकच भर घातली: ती काम करते त्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसची. ती जोडण्यात अर्धा दिवस गेला आणि चष्म्याची एक काडी. तिथल्या सूचना तीच लिहायची. सगळं सरकार 'नागरिकांनी नोंद घ्यावी' म्हणून मोकळं होतं. माझी लेक पुढं 'ही विनंती' जोडायची. सकाळी विनंती आली की समजायचं, बाईसाहेब वेळेत पोचल्या. नुसतंच 'नोंद घ्यावी' आलं की ती रजेवर. ताप असणार. मग मी इकडं काढा करून पीत असे.

फोन सणावाराला. एरवी केला की ती विचारायची, "काही काम होतं का, बाबा?" रोज काम आणायचं कुठून?

म्हणून मी भिंतीवरून ओरडायचो, "वहिनी, उद्या तिकडं पाणी तासभर उशिरा!"

"आपल्याला काय त्याचं?"

"नोंद घ्यावी, ही विनंती!"

यंदा हळद शिजवायचे दिवस सरले आणि त्या ऑफिसचं फीड थांबलं. ना विनंती, ना नुसती नोंद. मोबाइल बंद करून चालू केला. गच्चीवर चढलो, वाटलं वर सापडेल. मत्स्यखातं मात्र नेमानं येत होतं.

आठवड्यानं भिंतीपलीकडून आवाज आला, "भाऊजी, त्या गावाला आठ दिवस पाणीच न्हाई आलं व्हय?"

मी सगळं सांगितलं. विनंतीचं, तापाचं, काढ्याचंही. त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या, "मंग फोन लावा की."

"काम काय सांगू?"

"सांगा, कोंबड्या उपाशी हायेत."

लावला. तिनं लगेच उचलला. "मीटिंगला चाललेय, बाबा. काही काम होतं का?"

आवाज ठणठणीत होता. ताप नव्हता, काही नव्हतं. मी खाकरलो. "हाय ना काम. तुमच्या ऑफिसचं ते फीड येईना झालंय. इथं एका माणसाला लई तकलीफ होऊन राहिली."

"ते बंद केलं, बाबा," ती म्हणाली. "कोणी वाचत नव्हतं."