उपोषणाच्या मंडपातला डबा

कौशल्याबाई माझी मैतरीण, पण त्या आठवड्यात मला तिचा लई राग आला. मी बीडात कचेरीपुढं उपोषणाला बसले, आन् ही बया रोज सकाळच्या एसटीनं डबा घेऊन हजर! बाजरीची भाकर, शेपूची भाजी, वर ठेचा. झाकण उघडून नाकाम्होरं धरायची.

"पंचशीला, खा मुकाट्यानं. कोण बघतंय?"

"पोलीस बघतोय. अगं, उपोषण म्हंजी काय कळतं का तुला?"

"उपाशी मरणं कळतं मला!"

अशीच हाय ती. गावात कुणाचा माणूस दवाखान्यात असू दे, कुणाच्या घरी मयत होऊ दे, कौशल्या डबा घेऊन दारात उभी. न्हाई खाल्लं तर शिव्या घालणार. मागल्या पावसाळ्यात माझ्या सुनेला, चैतालीला, कळा सुरू झाल्या. आमच्या वस्तीला रस्ता न्हाई, गाडी आत येईना. चिखलातनं बाजेवर टाकून नेली. बाळ वाटंतच गेलं. महिनाभर घरात चूल पेटवायचं भान कुणाला नव्हतं. दोन्ही वेळचं कौशल्यानंच घातलं.

त्याच रस्त्यासाठी मी बसले हुते. ह्याआधी दोनदा बसले. दोन्ही वेळी कचेरीतले साहेब आले, मोसंबीचा रस पाजला, फोटो काढला, 'लवकरच काम सुरू करू' असा कागद हातात दिला. रस्त्यावर एक खडी पडली न्हाई. जळो मेले ते कागद!

सहाव्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. दुपारी साहेब आले. तोच रस, तोच फोटोवाला. कौशल्यानं कागद घेऊन मोठ्यानं वाचला. मजकूर जुनाच, तारीख तेवढी नवी.

मला सगळं कळत हुतं. पण जीव ऐकंना. साहेबानं ग्लास पुढं केला आन् माझा हात आपसूक गेला.

सहा दिवस 'खा, खा' म्हणून मला छळणाऱ्या कौशल्यानं तो ग्लास हिसकावला आन् साहेबाच्या बुटांम्होरं ओतला.

"हिला जेवू घालायला मी हाय! तुमी रस्ता करा!" मग माझ्यावर ओरडली, "ह्यांचा एक घोट घेतलास, पंचे, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस!"

साहेब गाडीत बसून गेले. कौशल्या माझ्याजवळ सतरंजीवर बसली. डबा उघडला न्हाई, जेव म्हणली न्हाई. मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आन् उपाशीच पडून राहिले.