गुडघ्याएवढ्या उंचीवरचा आरसा

करावे गावात एका बाईंनी फक्त लहान मुलांच्या चष्म्यांचं दुकान काढलंय. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला चष्मा लागला म्हणून मी तिला तिथे घेऊन गेले. चष्मा घालणार नाही, असं ती रिक्षातच जाहीर करून बसली होती.

दुकानात आरसा एकच, तोही माझ्या गुडघ्याशी लावलेला.

“इतका खाली?” मी विचारलं.

“चष्मा कोनाला हाय? तुमाला?” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून लेकीसमोर फतकल मारून बसल्या. स्वतःच्या रुंद नाकावर त्यांनी एक चिमुकली पोपटी फ्रेम चढवली. लेक हसली. मी गुलाबी फ्रेम सुचवली, ते कुणी मनावर घेतलं नाही. लेकीने पोपटीच मागितली. मग बाईंनी तिला ती घालून उड्या मारायला लावल्या. फ्रेम घसरली तशी काडी गरम करून वाकवली आणि पुन्हा उड्या.

आठवड्याने काचा बसवलेला चष्मा घ्यायला गेलो. माझ्याच हयगयीने पोरीला चष्मा लागला, असं मला सारखं वाटत होतं.

“रडली तर?” मी हळूच विचारलं.

“पोरं नाय रडत, ताई. हितं आईबापच रडतात.” त्यांनी चष्मा लेकीच्या नाकावर बसवला. “आता आईकडं बघ, बाय.”

लेकीने मला बराच वेळ निरखलं. माझे डोळे भरून आले.

“आई,” ती म्हणाली, “तुला मिशी आहे.”

बाईंनी अजिबात न हसता आरशासमोरचं छोटं स्टूल माझ्याकडे सरकवलं.