पिंपळपानाच्या पोटातला घास

दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक गोधडी टांगली होती. जुन्या लुगड्यांतून कापलेली हिरवी पिंपळपानं, त्यांच्या कडेने मुंग्यांच्या रांगेसारखे टाके. मी जवळ गेलो तशी दुकानातली मुलगी म्हणाली, "सर, हात नका लावू. विंटेज पीस आहे."

विंटेज! माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी आत्या अशीच पानं शिवायची. ती काही नक्षी नव्हती. गोधडी जिथे विरेल तिथे ती एक पान लावायची. आम्हा सात भावंडांच्या लाथांनी ते झाड बहरलं होतं. आणि इथे, जिच्याखाली कुणी झोपणार नाही अशी गोधडी काचेत कोंडून ठेवलेली!

मधलं पान मात्र आत्या नवी गोधडी पुरी करताना सगळ्यांत शेवटी शिवायची आणि त्याच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवायची. "उपाशी गोधडी ऊब देत नाही रे," म्हणायची.

या गोधडीच्या मधल्या पानाला नवा, चकचकीत दोरा होता. का, ते मी विचारलं.

"आत काहीतरी कडक लागत होतं. किडे होतील म्हणून उसवून फेकलं."

"अहो, घास होता तो!" मी ओरडलोच.

मुलगी बावरली. "सॉरी सर. तुमच्याकडे आहे का अशी गोधडी?"

आत्या गेली त्याच वर्षी तिची गोधडी मी बोहारणीला देऊन टाकली होती. बदल्यात मिळालेल्या स्टीलच्या डब्यात आम्ही अजून भाकऱ्या ठेवतो.